आधी फोटोची पाठ बघ

"नमस्कार मावशी. मी मूळची नाशिकची, आता जर्सी सिटीत राहते. गेल्या महिन्यात ब्लूमफील्डच्या एका घरात इस्टेट सेल, म्हणजे घरातल्या जुन्या सामानाची विक्री, होती, तिथे चाळीस डॉलरला एक जुना फोटो घेतला. गडद लालसर तपकिरी जाड पुठ्ठा, त्याच्या कडा सोनेरी. नऊ तरुण, दोरीने बांधायच्या गळ्याचे सदरे, छातीवर मोठा इंग्रजी 'ओ'. पुढे जमिनीवर दोन बॅटा तिरक्या ठेवल्यात. एकाच्या मांडीवर तारेचा मुखवटा आणि उशीसारखा फुगलेला हातमोजा आहे. खाली फोटोग्राफरचं नाव आणि 'नेवार्क', मागे पेन्सिलीने इंग्रजीत 'पापा, डावीकडून दुसरे'. मुलगा लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळतो म्हणून त्याच्या खोलीत लावायला आणला होता, पण आता मलाच त्याचा नाद लागलाय. हा खरा असेल का? यातली माणसं कोण, कसं शोधू? फोटोवर पिवळे डाग आहेत, ते पुसून लॅमिनेट करू का? आणि मुख्य म्हणजे, ऑनलाइन एक विक्रेता १८४६ च्या पहिल्या बेसबॉल सामन्यातल्या निकरबॉकर क्लबचा टिनटाइप २,८०० डॉलरला देतोय. सहा माणसं आहेत, एकाच्या सदऱ्यावर 'के' अगदी स्वच्छ वाचता येतो. चेहरे तपासून घेतलेत म्हणतो. आमचे हे म्हणतात पैसे पाण्यात जातील. घेऊ का?"

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'पापा, डावीकडून दुसरे' या शब्दांशी थांबले. त्यांच्याकडे येतेच. पण विक्रेता घाई करत असणार, म्हणून त्याचं आधी सांगते: तो टिनटाइप घेऊ नकोस.

१९ जून १८४६ ला होबोकेनच्या इलिजियन फील्ड्सवर निकरबॉकर क्लब 'न्यूयॉर्क नाइन' नावाच्या संघाकडून २३-१ असा हरला, हे खरं. (तोही पहिला सामना नव्हेच. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क आणि ब्रुकलिनचे संघ त्याच मैदानावर खेळलेले आहेत.) पण टिनटाइप, म्हणजे लोखंडाच्या पातळ काळ्या पत्र्यावर घेतलेला फोटो, याचं अमेरिकेतलं पेटंट १८५६ चं आहे. ओहायोच्या हॅमिल्टन स्मिथ यांनी ते घेतलं. सामना झाला तेव्हा जी पद्धत निघालीच नव्हती, तिने त्या दिवसाचा फोटो निघणार कसा? विक्रेता आता म्हणेल, फोटो नंतरचा असेल, माणसं तीच. मग त्याला त्या 'के'बद्दल विचार. टिनटाइपमध्ये नेगेटिव्ह नसते, कॅमेऱ्यातला पत्राच आपल्या हाती येतो, त्यामुळे चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. अक्षरं उलटी दिसतात आणि उजव्या हाताचा खेळाडू डावखुरा वाटतो. अस्सल टिनटाइपमधला 'के' सहसा उलटा दिसायला हवा. तुला तो सुलटा वाचता येतोय, म्हणजे बहुधा ती दुसऱ्या एखाद्या उलट्या चित्रावरून पुन्हा काढलेली नक्कल आहे किंवा परवा-परवा बनवलेली वस्तू. आणि निकरबॉकर क्लबने गणवेश ठरवला १८४९ मध्ये: निळी लोकरी पँट, पांढरा फ्लॅनेलचा सदरा, गवती हॅट. त्यात छातीवरच्या 'के'चा उल्लेख नाही.

चेहरे जुळवल्याचं म्हणशील, तर त्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. दाढी, एकच भांग आणि खोल डोळे एवढ्या भांडवलावर त्या काळचे निम्मे पुरुष एकमेकांसारखे दिसतात. चेहऱ्याचं साम्य शेवटी बघायचं असतं, आधी गाव, साल आणि संघ वेगळ्या पुराव्याने पक्के झाल्यावर. ज्याची सुरुवातच चेहऱ्यापासून होते त्याच्याकडे बहुधा दुसरं काही नसतं.

मोठं नाव चिकटवलं की वस्तू मोठी होते, ही या छंदातली फार जुनी खोड आहे, आणि एकट्या विक्रेत्यांचीही नव्हे. बेसबॉल कुठून आला हे ठरवायला १९०५ मध्ये एक समिती नेमली गेली होती. तिने एका वृद्ध माणसाच्या आठवणीवर विसंबून जाहीर केलं की ॲबनर डबलडे यांनी १८३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनला हा खेळ शोधला. त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते. पुढे १९३० च्या दशकात कूपर्सटाउनजवळच्या फ्लाय क्रीक इथल्या एका शेतघरात, जुन्या ट्रंकेत एक फाटका चेंडू सापडला. स्टीफन क्लार्क यांनी तो पाच डॉलरला घेतला, त्याला 'डबलडे बेसबॉल' हे नाव पडलं आणि १९३९ मध्ये तिथे हॉल ऑफ फेम हे बेसबॉलचं संग्रहालय उघडलं ते याच गोष्टीच्या आधाराने. चेंडू बिचारा जुना आहेच, त्याच्यावर लादलेली गोष्ट तेवढी खोटी निघाली. मी तिथे गेले की त्याच्यापुढे हटकून उभी राहते. पाच डॉलरच्या चेंडूची खरी हकीकत, तो कुणाच्या हातात होता, कुठल्या पोरांनी तो फाटेपर्यंत मारला, हे कुणी वेळेवर विचारलंच नाही.

आता तुझा फोटो. तू वर्णन इतकं नेमकं केलंस की मला इथूनच बरंच कळतंय. हा कॅबिनेट कार्ड नावाचा प्रकार, साधारण सव्वाचार इंच बाय साडेसहा इंचाचा. १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा आला तेव्हा पुठ्ठे पातळ आणि फिक्या रंगाचे असत. गडद रंग, जाड पुठ्ठा आणि सोनेरी कडा ही १८८० नंतरची आवड. दोरीने बांधायच्या गळ्याचे सदरेही त्याच दशकातले, १८६० च्या दशकात पुढे ढालीसारखी पट्टी लावलेले सदरे असत. तारेचा मुखवटा हार्वर्डच्या फ्रेड थेयर यांनी केला, पेटंट १८७८ चं. आणि हातमोजा तर आणखी बोलका आहे. १८७५ मध्ये चार्ल्स वेट नावाच्या खेळाडूने मोजा घातला तो अंगाच्या रंगाचा, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून, कारण उघड्या हाताने झेल घेणं हीच तेव्हा मर्दुमकी. तुझ्या फोटोतला उशीसारखा मोजा मात्र मांडीवर ठेवून मिरवलाय. तेवढं फुगीर मिट १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झालं. हे सगळं एकत्र धरलं तर माझा अंदाज १८८६ ते १८९५. फोटो हातात घेतल्याशिवाय मी याहून पुढे जाणार नाही.

खरा की नक्कल, हे तुझं तूच पाहू शकतेस. दहापट मोठं दाखवणारं भिंग घे, दागिने पारखणाऱ्यांकडे असतं तसलं, आणि खिडकीशी बस. एखाद्याच्या गालावर भिंग धर. सारख्या अंतरावरचे बारीक ठिपके दिसले तर तो छापखान्यातला हाफटोन आहे, मूळ फोटो नाही. ठिपके नसतील, छटा सायीसारखी एकातून दुसरीत मिसळत गेलेली असेल आणि खालून कागदाचे तंतू डोकावत असतील, तर तो अल्ब्युमेन असण्याची शक्यता मोठी. अल्ब्युमेन म्हणजे अंड्यातलं पांढरं. त्याचा थर दिलेल्या कागदावर हे फोटो काढत. फिकट जागांवर दिसणारा तो पिवळेपणा बहुधा अल्ब्युमेनचाच आहे, वयामुळे आलेला. त्याला डाग समजू नकोस. शेवटी खोलीत अंधार करून फोटोवर जांभळा अल्ट्राव्हायोलेट दिवा धर. साधारण १९५० पासून कागदात चमक आणणारी रसायनं घालू लागले, तसला कागद निळसर पांढरा उजळतो. उजळला तर नक्कल. उजळला नाही म्हणून मात्र अस्सल ठरत नाही, कारण बनावट करणारे जुना कोरा पुठ्ठा बाजारातून आणतात.

हीच भिंगाची सवय पुढे सिगारेटच्या पाकिटातली कार्डं घ्यावीशी वाटली तर उपयोगी पडेल, आणि वाटेलच. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने १८८६ ते १८९० या काळात 'ओल्ड जज' सिगारेटबरोबर खेळाडूंचे छोटे खरेखुरे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून दिले. स्टुडिओत काढलेले, मागे रंगवलेला पडदा, आणि चेंडू चक्क दोऱ्याला टांगलेला. भिंगातून तो दोरा दिसतो. मला ती कार्डं जीव लावण्याइतकी आवडतात. झेल घेताना ताटकळलेला तो माणूस, बोटं पसरलेली, आणि नाकासमोर लटकणारा चेंडू. पण त्यांच्या छापील नकला ढिगाने आहेत. अस्सल कशी दिसतात हे डोळ्यांत मुरण्यासाठी विकत घेण्याआधी हजारभर तरी बघ, फुकट बघायला मिळतात: लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बेंजामिन एडवर्ड्स यांच्या संग्रहातली २,१०० कार्डं स्कॅन करून ठेवलीत, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला जेफरसन बर्डिक यांनी तीन लाखांवर छापील चिजा दिल्या, त्यात हजारो बेसबॉल कार्डं आहेत. एन-१७२, एन-२८ हे कार्डांच्या संचांचे जे क्रमांक विक्रेते तोंडावर फेकतात, ते बर्डिक यांनीच लावून दिलेले.

पुसणं आणि लॅमिनेशन दोन्ही नको. कळकळीने सांगतेय. ओलं फडकं अल्ब्युमेनचा थर उचलतं, लॅमिनेशन परत निघत नाही, आणि सेलोटेपचा डिंक वर्षभरात पुठ्ठ्यात उतरतो. दोन्ही बाजू सहाशे डीपीआयने रंगीत स्कॅन कर, मुलाच्या खोलीत त्याची प्रत लाव. मूळ फोटो पॉलिएस्टरच्या पाकिटात (पीव्हीसीचा वास येणारं प्लास्टिक नको) घालून, आम्लविरहित पुठ्ठ्याच्या डबीत, तुम्ही राहता त्या खोलीतल्या कपाटात. तळघरात किंवा माळ्यावर ठेवू नकोस.

पाठीवरच्या अक्षरांना तर बोटही लावू नकोस. यामागे माझी एक चूक आहे. तीसेक वर्षांपूर्वी मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावच्या जुन्या बाजारात मी एक छोटा फोटो घेतला होता, पाच मुलगे आणि एक बॅट. मागे पेन्सिलीचे तीन-चार फराटे होते. दुकानदाराने लिहिलेली किंमत असेल अशा समजुतीने मी घरी येऊन मऊ खोडरबराने ते साफ केले. पाठ छान स्वच्छ झाली. काही महिन्यांनी मी आधी काढलेली एक पुसट झेरॉक्स सापडली. त्यात किमतीच्या आकड्याखाली एक आडनाव होतं, शेवटची तीन अक्षरं तेवढी वाचता येत होती. त्या तीन अक्षरांवरून मी त्या गावची जनगणना दोन उन्हाळे चाळली. ते मुलगे माझ्या कपाटात आजही बिननावाचे आहेत, आणि ते माझ्यामुळे.

म्हणून मी प्रत्येकाला सांगते: आधी फोटोची पाठ बघ. पुढच्या बाजूला फक्त चेहरे असतात. पाठीला कर, पत्ते, माणसं असतात. अमेरिकेत १ सप्टेंबर १८६४ पासून १ ऑगस्ट १८६६ पर्यंत फोटोवर यादवी युद्धाचा कर होता, त्याचं तिकीट पाठीवर लावत. ते दिसलं की दोन वर्षांच्या खिडकीत साल हाती लागतं. तुझा फोटो त्यानंतरचा आहे, त्यावर ते नसेल. पण फोटोग्राफरचा पत्ता आहे का बघ, रस्ता आणि घरक्रमांक. नेवार्क पब्लिक लायब्ररीच्या न्यू जर्सी विभागात शहराच्या जुन्या, नावं-पत्त्यांच्या डिरेक्टऱ्या आहेत, वर्षावार. हा स्टुडिओ त्या पत्त्यावर कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत होता ते उतरवून घे. माझ्या अंदाजातली दहा वर्षं तिथे तीन-चारवर येतील.

'ओ'चं कोडं तेवढं सोपं नाही. नेवार्कला लागून ऑरेंज नावाचं गाव आहे, त्यामुळे मन लगेच तिकडे धावतं, पण मनाला आवर. ते गावाचं नाव असेल, ऑलिंपिकसारखं क्लबचं नाव असेल, किंवा एखाद्या कारखान्याच्या मालकाचं आद्याक्षर. त्या पट्ट्यात कातड्याचे, दागिन्यांचे, हॅटचे कारखाने होते आणि कामगारांचे संघ असत. इथे वर्तमानपत्रं कामाला येतात. फिलाडेल्फियाचं 'स्पोर्टिंग लाइफ' १८८३ ला सुरू झालं, ते एलए८४ फाउंडेशनने इंटरनेटवर खुलं ठेवलंय. न्यूयॉर्क क्लिपरचे जुने अंक इलिनॉय विद्यापीठाने स्कॅन केलेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका'ही फुकट आहे. क्लिपर वाचताना हेन्री चॅडविक यांच्यासाठी थोडा वेळ काढ. इंग्लंडमध्ये जन्मलेला, क्रिकेटच्या बातम्या देत देत बेसबॉलकडे वळलेला हा माणूस. बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याच्या आकड्यांचं कोष्टक, रुळवला त्यानेच. आपण क्रिकेटच्या धावफलकावर वाढलेली माणसं, तुला तो कोष्टकाचा मजकूर वाचायला मुळीच जड जाणार नाही.

शोधताना एक सांभाळ. 'बेसबॉल' हा शब्द तेव्हा बहुतेक ठिकाणी दोन शब्दांत, 'बेस बॉल' असा छापत. जोडून शोधलंस तर हाती फारसं काही लागणार नाही.

तुला कुणीतरी नक्की सांगेल की हा नेवार्कच्या व्यावसायिक 'लिटल जायंट्स' संघाचा फोटो आहे. १८८७ च्या त्या संघात जॉर्ज स्टोव्ही हा पिचर (चेंडू टाकणारा) आणि मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कॅचर (तो झेलणारा), दोघे कृष्णवर्णीय होते. त्या वर्षी १४ जुलैला शिकागोचा संघ नेवार्कला आला, आणि त्यांचा कप्तान कॅप ॲन्सन याचा स्टोव्हीसमोर खेळायला नकार होता. स्टोव्ही त्या दिवशी मैदानात उतरला नाही. त्याच दिवशी, नेवार्क ज्यात खेळत असे त्या इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी ठराव केला की यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत. हे वाचलं की माझ्या पोटात अजून कालवतं. हे तुला मुद्दाम सांगतेय, कारण त्या काळच्या गटफोटोत कृष्णवर्णीय खेळाडू दिसला तर त्याची किंमत डॉलरमध्ये नंतर मोजायची. आधी त्याचं नाव शोधायचं. तुझ्या वर्णनात तसं कुणी नाही आणि व्यावसायिक संघाचीही एकही खूण नाही. तुझे नऊ जण बहुधा शनिवारी दुपारी खेळणारे स्थानिक तरुण होते.

त्यामुळे निराश होऊ नकोस. १८६५ च्या ब्रुकलिन अटलांटिक्स संघाचा एक छोटा फोटो मेन राज्यात कुणाच्या तरी अंगणातल्या विक्रीत मिळाला आणि २०१३ मध्ये लिलावात ९२,००० डॉलरला गेला, ही बातमी तूही वाचली असशील. अशी लॉटरी डोक्यात ठेवून या छंदात आलेली माणसं वर्षा-दोन वर्षांत कंटाळून जातात, हे मी पाहिलंय. अटलांटिक्सवर लिहिणारे खूप आहेत. तुझ्या नऊ जणांना तुझ्याशिवाय कुणी नाही. काखेत कळसा आहे तुझ्या, आणि तू २,८०० डॉलर घेऊन गावाला वळसा घालायला निघाली होतीस.

त्या पैशातले थोडे सेबर या बेसबॉल संशोधकांच्या संस्थेच्या वर्गणीत घाल. १९७१ ची संस्था आहे, एकोणिसाव्या शतकाची वेगळी समिती आहे, जुनी चित्रं-फोटो पारखणारी वेगळी. तिथली माणसं गणवेशाच्या कॉलरवरून साल सांगतात आणि नवख्याला हिडीसफिडीस करत नाहीत. फोटो विकायचा नाही हे आधीच सांगितलंस तर आणखी मोकळेपणाने बोलतात.

पुढे कधी काही विकत घ्यायचं झालं तर वस्तू कुठून आली हे लेखी माग. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीला १९२१ मध्ये मिळालेल्या, जुन्या बेसबॉलच्या स्पाल्डिंग संग्रहातून पुष्कळ चिजा चोरीला गेल्यात. २००९ मध्ये, त्या काळचे नामवंत संघव्यवस्थापक हॅरी राइट यांना आलेली जुनी पत्रं लिलावात निघाली तेव्हा ती तिथलीच असल्याच्या संशयावरून एफबीआयने चौकशी केली. पाठीवर खरवडलेला चौकोन, पुसलेला शिक्का, कापलेली कड दिसली की वस्तू कितीही देखणी असो, हात मागे घ्यायचा.

आणि आता 'पापा'. हे शब्द फोटो काढला तेव्हाचे नाहीत. मूल मोठं झालं, कुणीतरी विचारलं यातले तुझे वडील कोणते, तेव्हा लिहिलेले आहेत. कागदावरचा हा फोटो नेगेटिव्हवरून काढलेला, म्हणजे उलटा नाही, डावं ते डावंच. पण डावीकडून दुसरे कुठल्या रांगेत, उभ्या की बसलेल्या? तू रांगा सांगितल्या नाहीस. दोघांचेही चेहरे स्कॅनमधून वेगळे काढून ठेव. १८९० ची राष्ट्रीय जनगणना आगीत गेली, पण न्यू जर्सी राज्याची स्वतःची जनगणना १८८५ आणि १८९५ मध्ये झाली होती, म्हणजे तुझ्या फोटोच्या दोन्ही अंगांना. आडनाव मिळालं की त्यात हे गृहस्थ सापडू शकतात.

आडनाव कुठे मिळेल, हे तुझ्या पत्रात आहेच: ब्लूमफील्डचं ते घर. ज्यांनी इस्टेट सेल भरवला त्यांना फोन कर. घर कुणाचं होतं, आईकडून आलेलं की वडिलांकडून, आणि हा फोटो ज्या खोक्यात होता त्यातलं बाकी सामान कुठे गेलं, हे तीनच प्रश्न विचार. एक महिना झालाय. उरलेला माल अशी मंडळी फार दिवस ठेवत नाहीत, खोकी कचऱ्यात जातात. डिरेक्टऱ्या सव्वाशे वर्षं थांबल्यात, आणखी आठवडाभर थांबतील. फोन मात्र आजच कर.